जीपमध्ये सीआरडीई (कॉमन रेल डिझेल इंजिन) टाकताय, मग गिअरबॉक्सचं आधी बघा

भाऊ, जुन्या एमएम ५४० मध्ये (महिंद्राची जुनी जीप) आधीच्या थारचं २.५ लिटरचं सीआरडीई टाकायचा विचार मस्तच आहे, पण बीएचपी (इंजिनची ताकद) विसर आणि टॉर्क (फिरवण्याचा जोर) बघ, ते इंजिन २४७ न्यूटन मीटर देतं, जुना चार स्पीडचा गिअरबॉक्स फार दिवस टिकणार नाही.

सुरुवातीला एवढंच कर:
- इंजिनसोबत त्याच गाडीचा पाच स्पीड बॉक्स, बेल हाउसिंग (इंजिन आणि बॉक्स जोडणारं कव्हर), क्लच, फ्लायव्हील (इंजिनमागचं जड चाक) सगळा सेट एकत्रच उचल. मी बॉक्स वेगळा घेतला, इनपुट शाफ्टच्या (बॉक्समध्ये जोर नेणाऱ्या दांड्याच्या) स्प्लाइन म्हणजे खाचा क्लच प्लेटमध्ये बसेनात, दोन रविवार गेले ना राव.
- प्रोपेलर शाफ्टची (बॉक्सकडून चाकांकडे जोर नेणारा दांडा) लांबी बदलते, कापून बॅलन्स करावा लागतो.
- आरटीओची परवानगी आधी, काम नंतर.

गिअर रेशोचं (कुठल्या गिअरला इंजिनच्या किती फेऱ्या) गणित नंतर बघू. बॉक्स घेताना तेल काढून बघ, पितळेचा चुरा दिसला, म्हणजे आतले भाग झिजलेत, की सोड.