एसी बदलायचा की अजून रेटायचा?

भाऊ, तुम्ही विचारलंय, नाशकातला नऊ वर्षांचा एसी बदलू का? लगेच भंगारात काढू नका. नीट सर्व्हिसिंग असेल तर स्प्लिट एसी 10 ते 15 वर्षं चालतो. नाशकात तर मुंबईसारखी खारी हवाही नाही. आधी एसीतला थंडावा देणारा गॅस बघा. तो पेट्रोलसारखा संपत नाही, दर उन्हाळ्यात भरावा लागतोय म्हणजे गळती आहे. माझ्या सिडकोतल्या घरी तीन वर्षं मुकाट्याने भरत राहिलो. शेवटी बाहेरच्या युनिटच्या पितळी नटांना साबणाचा फेस लावला, तर बुडबुडे! नट आवळला, काम झालं. पण कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) गेला आणि आत आर-22 हा जुन्या प्रकारचा, आता बंद होत चाललेला गॅस असेल, तर त्यात पैसे घालू नका. नवा इन्व्हर्टर एसी (गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा) घ्या, तोही ऐन मे महिन्यात नको, दिवाळीनंतर.