पुण्याच्या थंडीला टायर कोणता?

दिवाळी उरकली की पहाटे साडेपाचला खडकवासल्याच्या रस्त्यावर सायकलींचे दिवे दिसू लागतात. कोणी पानशेतला निघालेला असतो, कोणी सिंहगडाच्या पायथ्याला, कोणी पहिल्या २०० किलोमीटरच्या बीआरएमची, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडची, तयारी करत असतो. या दिवसांत येणाऱ्या पत्रांत निम्म्याहून अधिक प्रश्न टायरचे असतात. त्यांतले काही इथे घेतले आहेत.

प्रश्न : युरोपात नोव्हेंबरपासून रोड बाइकला ‘विंटर टायर’ चढवतात असे वाचले. थंडीत रबर कडक होते म्हणे. मी रोज कोथरूडहून हिंजवडीला जातो आणि रविवारी लांब राइड करतो. असे टायर बाहेरून मागवू का?

उत्तर : मागवू नका. पण तुम्ही वाचलेले खोटे नाही, फक्त ‘विंटर टायर’ या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू येतात.

पहिला प्रकार बर्फाचा. त्याचे रबर कमी तापमानातही मऊ राहील असे बनवलेले असते, काहींत धातूचे बारीक खिळे असतात. मोटारींच्या बाबतीत ७ अंशांच्या खाली असे टायर घाला म्हणतात. आपल्याकडे पाषाण किंवा एनडीएच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा १० च्या आसपास जातो, एखाद्या दिवशी त्याहूनही उतरतो. पण नऊ वाजता ऊन अंगावर येते. त्या रबराचा इथे उपयोग नाही, उलट तापलेल्या डांबरावर ते लवकर झिजेल.

दुसरा प्रकार ब्रिटनमधल्या रोजच्या सायकलस्वाराचा. तिथे बऱ्याच भागात बर्फ थोडा आणि ओल फार. पावसाने गारगोटीचे धारदार तुकडे रस्त्यावर येतात, शेताकडेची काटेरी कुंपणे छाटली की काटे पसरतात. म्हणून तिथली माणसे शर्यतीचे पातळ टायर काढून ठेवतात आणि जाडसर, पंक्चर अडवणारा पट्टा असलेले, थोडे रुंद टायर चढवतात. तोही ‘विंटर टायर’च. आणि तो मात्र पुण्याला चपखल बसतो.

कारण आपला हिवाळा पावसाळ्याच्या पाठीवर येतो. चार महिन्यांत उखडलेली खडी रस्त्याच्या कडेला साचते आणि आपण नेमके कडेनेच जातो. बांधकामांच्या ट्रकमधून पडलेले खिळे, बाभळीचे काटे, १ जानेवारीच्या सकाळी फुटलेल्या बाटल्या. बारामती-सातारा बाजूला उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले की चाकांचा चिखल आणि उसाची पाने डांबरावर पसरतात. त्यावर दव पडले की वळणावर चाक घसरते. या सगळ्याला पुरून उरेल तो आपला थंडीचा टायर.

प्रश्न : बजेट बेताचे आहे. दुकानदार गेटरस्किन घ्या म्हणतो, मित्र झाफिरो म्हणतो, क्लबमधले एक काका मॅरेथॉन प्लस सोडून दुसऱ्या टायरला हात लावत नाहीत. जानेवारीत २०० ची बीआरएम करायची आहे.

उत्तर : तिघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

व्हिटोरियाचा झाफिरो हा स्वस्तातला, भरवशाचा टायर. रबर जाड, धावायला किंचित जड. नवी रोड बाइक घेतल्यावर पहिल्या वर्षी तो उत्तम.

कॉन्टिनेन्टलच्या गेटरस्किनमध्ये दोन गोष्टींचे पैसे मोजता. जमिनीला टेकणाऱ्या भागाखाली पंक्चर अडवणारा विणलेला पट्टा असतो आणि बाजूच्या भिंतीवर ‘ड्युरास्किन’ नावाची तपकिरी जाळी असते. लोक पट्ट्याचे कौतुक करतात, पण माझ्या मते खरी किंमत त्या जाळीची आहे. पंक्चर दहा मिनिटांत निघते. भिंत कापली गेली तर राइड तिथेच संपते. खंबाटकी उतरून वेळ्याच्या पुढे एकदा माझ्या साध्या टायरची भिंत कडेच्या दगडाने बोटभर फाटली. पिशवीत जुन्या टायरचा चार बोटांचा तुकडा होता, तो आतून लावून हवा कमी ठेवली आणि साताऱ्यापर्यंत रेटले. तेव्हापासून टायर हातात घेतला की मी आधी त्याची भिंत चिमटीत धरून पाहतो. गेटरस्किनचे रबर कडक असल्याने तो टिकतो. पण त्याच कारणाने ओल्या रस्त्यावर त्याची पकड मला कमी वाटते. दवाच्या सकाळी वळणावर आधीच वेग उतरवा. याच कंपनीचा ग्रां प्री फोर सीझन ओल्यात अधिक विश्वासाचा आहे, पण महाग आहे.

श्वाल्बेच्या मॅरेथॉन प्लसमध्ये ५ मिलिमीटर जाडीचा रबराचा थर असतो. ड्रॉइंग पिन टोचली तरी टोक ट्यूबपर्यंत पोचत नाही. रोज ऑफिसला जाणाऱ्याने, हात काळे करायला वेळ नसलेल्याने तो डोळे झाकून घ्यावा. पण एकेक टायर सहाशे-सातशे ग्रॅमच्या घरात जातो. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. तेवढ्यात या टायरवरही बीआरएम पूर्ण करता येईल, पण चढावर पायांना कळेल. आणि रिमवर चढवताना अंगठे दुखतात, हेही माहीत असू द्या.

आता पैशांचे. किंमत पाहू नका, किलोमीटरला किती पडतो ते काढा. समजा एक टायर १२०० रुपयांना मिळाला आणि २५०० किलोमीटर चालला, तर किलोमीटरला ४८ पैसे. दुसरा २८०० ला मिळाला आणि ६००० चालला, तर ४७ पैसे. म्हणजे महाग वाटणारा टायर तेवढ्याच भावात पडला, शिवाय वाचलेल्या ट्यूब आणि वाचलेले अर्धे दिवस वेगळेच. तुमच्यासाठी माझा सल्ला : मागे गेटरस्किन, पुढे सध्याचाच टायर चांगला असेल तर तो. आणि घडी घालता येणारा न घेता तारेच्या कडेचा घ्या. धावता भाग तोच असतो, वजन थोडे जास्त, किंमत बरीच कमी.

टायर बीआरएमच्या आदल्या रात्री बदलू नका. दोन-तीन राइड आधी बदला, म्हणजे काही चुकले असेल तर पुण्यातच कळेल.

प्रश्न : मी कॉलेजला आहे. जुनी रोड बाइक घेतली, तिला २३ मिलिमीटर रुंदीचे टायर आहेत. २८ बसतील का? घरी आजोबांच्या सायकलचा नवा कोरा टायर पडून आहे, तो चालेल का?

उत्तर : आधी आजोबांच्या टायरचे. तो चालणार नाही. जुन्या काळ्या सायकलींचा २८ × १½ इंचाचा टायर ६३५ मिलिमीटरच्या रिमसाठी असतो, तुझ्या रोड बाइकचे रिम ६२२ चे आहे. टायरच्या भिंतीवर २५-६२२ असा जोड-आकडा छापलेला असतो. पहिला रुंदीचा, दुसरा रिमचा. दुसरा आकडा जुळलाच पाहिजे, त्यात तडजोड नाही.

२८ बसेल का, हे तुझ्या फ्रेमवर आणि ब्रेकवर आहे. टायरचा माथा आणि ब्रेकच्या कमानीमधली जागा बघ. पुढच्या फोर्कमध्ये आणि मागे खालच्या दांड्यांमध्येही बघ. नवा टायर बसल्यावर सगळीकडे तीन-चार मिलिमीटर मोकळे राहायला हवे, नाहीतर अडकलेला खडा फ्रेमचा रंग खरवडून काढेल. बऱ्याच जुन्या रोड बाइकमध्ये २५ आरामात बसतो, २८ घासतो. २५ बसला तरी तो घे. २३ वरून २५ वर आल्यावर आपल्या रस्त्यांवर मनगटांना पहिल्याच दिवशी फरक कळतो.

प्रश्न : टायरवर हवेचा कमाल दाब १२० पीएसआय लिहिला आहे. मी तेवढी हवा भरतो. तरी गाडी उसळते आणि हात बधिर होतात.

उत्तर : तो आकडा मर्यादा सांगतो, तेवढी हवा भरा असे सांगत नाही. गुळगुळीत ट्रॅकवर दगडासारखा टायर वेगाने धावेल. पण बोपदेव घाटाच्या अलीकडच्या ठिगळांवर तो प्रत्येक खड्ड्याला उडी मारतो आणि त्या उडीत तुमची ताकद वाया जाते.

६५-७० किलोच्या माणसाने २५ च्या टायरला पुढे ७५-८०, मागे ८५-९० पासून सुरुवात करावी. २८ ला पुढे ६०-६५, मागे ७०-७५. वजन जास्त असेल तर वाढवा. फार कमीही नको, कारण खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चेपली जाते आणि साप चावल्यासारखी शेजारीशेजारी दोन भोके पडतात. थंडीत आणखी एक गोष्ट होते : दुपारी भरलेली हवा दुसऱ्या पहाटे गारठ्याने तीन-चार पीएसआयने उतरलेली दिसते. निघण्याआधी सकाळीच पंप लावा.

प्रश्न : आठवड्यात तीन पंक्चर, तेही एकाच चाकाला. टायर बदलावा का?

उत्तर : बदलण्याआधी तपास करा. चाक लावताना टायरवरचे कंपनीचे नाव नेहमी ट्यूबच्या व्हॉल्व्हसमोर येईल असे बसवा. मग ट्यूबमध्ये भोक कुठे आहे यावरून टायरमध्ये नेमके कुठे शोधायचे ते कळते.

भोक बाहेरच्या बाजूला आणि दरवेळी त्याच जागी असेल, तर गुन्हेगार टायरमध्येच बसलेला आहे. सातारा रस्त्याच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या केसासारख्या तारा पडलेल्या असतात. ती तार आत शिरली की बाहेरून दिसत नाही. टायर उलटा करून आतून कापसाचा बोळा फिरवा. जिथे कापूस अडकेल तिथे तार. चिमट्याने ओढून काढा. बोट फिरवू नका, काच असेल तर कापेल. भोक आतल्या बाजूला, म्हणजे रिमकडे असेल, तर रिममधली पट्टी सरकली आहे आणि स्पोकचे टोक किंवा त्याच्या भोकाची कड ट्यूबला टोचते आहे. शंभर रुपयांच्या आसपास मिळणारी पट्टी बदलली की काम झाले.

पावसात राइड करून आल्यावर टायर जरूर तपासा. ओले रबर काचेने सहज कापले जाते. आणि पितळी अडॅप्टर सोबत ठेवा, रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप रोड बाइकच्या बारीक, म्हणजे प्रेस्टा व्हॉल्व्हला बसत नाही.

प्रश्न : वय ६३. उतारावर घसरण्याची भीती वाटते. खोल नक्षीचा टायर घेऊ का?

उत्तर : नक्षीचा उपयोग मातीत होतो. डांबरावर सायकलचा टायर मोटारीसारखा पाण्यावर तरंगत नाही, तो अरुंद आणि गोल असल्याने पाणी आपोआप बाजूला जाते. गुळगुळीत टायरच जास्त धरतो. रुंद टायर घ्या, हवा थोडी कमी ठेवा आणि वळणाआधी ब्रेक लावा, वळणात नको. दिवे घाटात दव असेल तर पांढऱ्या पट्ट्यांवरून चाक जाऊ देऊ नका.

प्रश्न : टायर संपला हे कसे ओळखावे? मागचा पुढे लावून चालेल?

उत्तर : कॉन्टिनेन्टलच्या अनेक टायरांवर दोन बारीक खळगे असतात, ते दिसेनासे झाले की संपला. इतरांत माथा चपटा होतो, आतले धागे डोकावतात, भिंतीला भेगा पडतात. मागच्या चाकावर वजन जास्त, म्हणून ते आधी झिजते. झिजलेला टायर पुढे कधीच लावू नका. पुढचे चाक घसरले तर सावरता येत नाही. दोन्ही टायर एकाच प्रकारचे असतील तर नवा पुढे, पुढचा मागे, मागचा बाद.

प्रश्न : मुलगी शिकायला फिनलंडला गेली आहे. तिथे बरेच जण बर्फातही सायकल चालवतात. तिने इथून रोड बाइक नेली आहे. तिला कोणते टायर सांगू?

उत्तर : तिला खऱ्या विंटर टायरची गरज आहे. टणक टंगस्टन कार्बाइडचे खिळे बसवलेले टायर श्वाल्बेचे मिळतात आणि फिनलंडमध्ये तर स्थानिकही मिळतात. पण ते बहुतेक ३० मिलिमीटरहून रुंद असतात, रोड बाइकच्या फ्रेममध्ये बहुधा बसणार नाहीत. तिने हिवाळ्यापुरती एक जुनी, रुंद टायर आणि मडगार्ड मावतील अशी सायकल तिथेच घ्यावी आणि रोड बाइक घरात ठेवावी. दोन्ही चाकांना खिळे हवेत. एकच जोडायचा असेल तर पुढे. हवा थोडी कमी ठेवली की जास्त खिळे बर्फाला टेकतात. आणि नवे टायर पहिला बर्फ पडायच्या आधी चढवून चाळीसेक किलोमीटर कोरड्या रस्त्यावर सावकाश, जोरात ब्रेक न दाबता चालवायला सांगा, म्हणजे खिळे रबरात घट्ट बसतील.