बाबा आयसीयूत आहेत, लॅक्टेट ५.८ आलं होतं. एवढ्यावरून ते वाचतील की नाही हे कळतं का?

तुम्ही लिहिलंय की बाबा ६४ वर्षांचे, लघवीच्या जंतुसंसर्गातून सेप्सिस (संसर्गामुळे अवयव बिघडू लागणं) झाला आणि रविवारी रात्री ऐरोलीहून त्यांना नवी मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या आयसीयूत हलवलं. व्हॉट्सॲपवर आलेले रिपोर्ट एका नातेवाइकाने गुगलवर ताडून पाहिले आणि सांगितलं, "लॅक्टेट चारच्या वर म्हणजे आशा नाही, उगाच पैसे घालू नका." आता तुम्हाला झोप नाही.

एका आकड्यावरून ते कळत नाही. मी डॉक्टर नाही. ठाण्यात एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये तेरा वर्षं टेक्निशियन आहे, आणि त्यातली बरीचशी वर्षं रात्रपाळीत आयसीयूची सॅम्पल्स चालवण्यात गेलीत. त्यामुळे बाबांचं पुढे काय होईल ते मी सांगू शकणार नाही. पण हे आकडे कुठून येतात, कशाने चढतात आणि कधी फसवतात, हे मला चांगलं माहीत आहे.

आधी तुमच्याच प्रश्नातली एक ओळ. तुम्ही ५.८ धरून बसलात, पण खाली तीन लॅक्टेट लिहिलेत: रविवारी रात्री ५.८, सोमवारी संध्याकाळी ४.१, आज बुधवारी सकाळी २.९. मला सगळ्यात महत्त्वाची ही ओळ वाटली. लॅक्टेट उतरतंय.

पेशींना रक्त आणि ऑक्सिजन पुरेसा पोचला नाही की त्या साखर अर्धवट जाळतात, त्यातून लॅक्टेट तयार होतं. सेप्सिसमध्ये शरीरावरच्या ताणाने ॲड्रिनलिन वाढतं, त्यानेही ते चढतं. ते साफ करण्याचं काम मुख्यतः यकृताचं. साधारण २ च्या आत असलं की ठीक समजतात. चारच्या वर गेलं तर धोका मोठा, यात तुमचे नातेवाईक चुकलेले नाहीत. पण चारच्या वर गेलं की आयसीयूतले लोक हात टेकत नाहीत, धावायला लागतात: सलाइन, प्रतिजैविकं, प्रेशरची औषधं. आणि काही तासांनी पुन्हा लॅक्टेट मागवतात, कारण उपचार लागू पडतोय का हे दुसऱ्या आकड्यात दिसतं.

खोटा दिलासा देणार नाही. २०१६ साली सेप्टिक शॉकची नवी व्याख्या झाली: पुरेसं सलाइन देऊनही रक्तदाब टिकवायला औषध लागतंय आणि लॅक्टेट २ च्या वर आहे. या व्याख्येत बसणाऱ्या रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांहून जास्त आढळलं होतं. बाबांना नॉरॲड्रिनलिन, म्हणजे रक्तदाब टिकवणारं औषध, चालू आहे का ते तुम्ही लिहिलेलं नाही. उद्या विचारा, आणि डोस वाढतोय की कमी होतोय हेही विचारा. लॅक्टेट उतरतंय आणि त्या औषधाचा डोसही उतरतोय, असं असेल तर दोन्ही गोष्टी एकाच दिशेने बोलताहेत. लॅक्टेट उतरतंय पण डोस चढतोय, तर डॉक्टरांना थांबवून नीट समजून घ्या.

लॅक्टेट आणखी कशाकशाने चढतं तेही सांगते. बाबांना मधुमेह आहे आणि ते मेटफॉर्मिन घेतात का? किडनी बिघडलेली असताना मेटफॉर्मिन शरीरात साठतं आणि लॅक्टेट वाढवतं. ॲड्रिनलिनच्या ड्रिपने वाढतं, दम्याच्या नेब्युलायझरमधल्या साल्ब्युटामॉलने वाढतं, फिट येऊन गेल्यावर काही वेळ वाढलेलं असतं, यकृत खराब असेल तर साफच होत नाही. यातलं काही असेल तर डॉक्टरांना सांगा, त्यांनी विचारलं नसलं तरी. रात्री घाईघाईत दाखल होताना घरच्या गोळ्यांची पिशवी घरीच राहते, हे मी फार वेळा पाहिलंय.

आणि सॅम्पल. लाल पेशी नळीत गेल्यावरही साखर खाऊन लॅक्टेट बनवत राहतात. म्हणून ब्लड गॅसच्या (रक्तातले वायू मोजण्याच्या तपासणीच्या) सिरिंजमधलं रक्त दहा-पंधरा मिनिटांत मशीनला लागलं पाहिजे, नाहीतर बर्फात ठेवून आणलं पाहिजे. माझ्या आधीच्या नोकरीत एका पावसाळी रात्री लिफ्ट बंद होती. एक सिरिंज बाकीच्या नळ्यांबरोबर ट्रेमध्ये सव्वा तास पडून राहिली आणि मग माझ्यापर्यंत आली. लॅक्टेट ३.१. आदल्या रिपोर्टपेक्षा जास्त. सिरिंजवरची वेळ पाहून मी वर फोन केला, सिस्टरने पुन्हा रक्त घेतलं, ते पळत आणलं: २.३. तो रिपोर्ट तसाच गेला असता तर कुणीतरी त्या आकड्यावर औषध वाढवलं असतं. तेव्हापासून रक्त घेतल्याची वेळ लिहिलेली नसेल तर मी सॅम्पल बाजूला ठेवते आणि आधी फोन करते. एखादा आकडा अचानक उलटा गेला तर "रिपीट केलं का?" असं विचारायला अजिबात संकोच करू नका. कुणी चांगला डॉक्टर त्याचा राग धरत नाही.

तुमचे बाकीचे आकडे. प्रोकॅल्सिटोनिन सोमवारी ४२, आज २७. हे जिवाणूंच्या गंभीर संसर्गात भराभर चढतं आणि संसर्ग आवाक्यात आला की साधारण दिवसाला निम्मं होतं. किडनी मंदावली असेल तर हळू उतरतं. २७ अजूनही खूप आहे, पण उतार आहे. नेदरलँड्समधल्या १,५०० हून अधिक आयसीयू रुग्णांच्या अभ्यासात (२०१६) प्रोकॅल्सिटोनिन शिखरापासून ८० टक्के उतरलं किंवा ०.५ पर्यंत आलं की प्रतिजैविकं थांबवण्याचा सल्ला दिला गेला. त्या गटात औषधं कमी दिवस लागली, आणि २८ दिवसांतले मृत्यूही २५ टक्क्यांऐवजी २० टक्के होते. तपासणी महाग आहे, त्यामुळे रोज करत नाहीत; त्याची काळजी करू नका.

सीआरपी (शरीरात दाह असला की वाढणारं प्रथिन) १८० वरून २१२ झालं म्हणून तुम्ही घाबरलात. सीआरपी यकृतात बनतं, उशिरा चढतं आणि उशिरा उतरतं. तिसऱ्या दिवशी ते वर असणं एवढं काही सांगत नाही. मात्र आणखी दोन दिवसांनीही खाली वळलं नाही, तर संसर्गाचं मूळ कुठेतरी शिल्लक आहे का हे शोधावं लागतं. लघवीच्या वाटेत खडा अडकून मागे पू साठला असेल तर नुसत्या प्रतिजैविकांनी भागत नाही, ती वाट मोकळी करावी लागते. सोनोग्राफी किंवा सीटी झालं का, हे उद्याच विचारा.

क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो कचरा) १.९ वरून ३.१ झालं, प्लेटलेट्स १,१२,००० वरून ६८,००० वर आल्या. या दोन्हींना मी हलकं म्हणणार नाही. पण क्रिएटिनिनही मागे राहणारा आकडा आहे. किडनी सावरायला लागली तरी ते एक-दोन दिवस चढतंच. त्याआधी लघवी बोलते. ६० किलोच्या माणसाला तासाला निदान ३० मिली लघवी व्हायला हवी, आणि ते सिस्टरच्या चार्टवर दर तासाला लिहिलेलं असतं. तो चार्ट मला माझ्या रिपोर्टइतकाच मोलाचा वाटतो.

आता घरची गोष्ट, कारण तुमच्या बाजूच्या खुर्चीवर मीही बसलेय. माझ्या धाकट्या भावाला घोडबंदर रोडवर कासारवडवलीजवळ रात्री डंपरने उडवलं. ओटीपोटाचं हाड मोडलं, आत रक्तस्राव. पहिलं हिमोग्लोबिन १२.८ आलं आणि काका सगळ्यांना सांगत सुटले, "रक्त चांगलं आहे, काही नाही झालंय." मला माहीत होतं की ताज्या रक्तस्रावात हिमोग्लोबिन फसवतं. रक्त जातं तेव्हा पेशी आणि पाणी दोन्ही एकत्र जातात, म्हणून उरलेल्या रक्तात प्रमाण तेवढंच राहतं. सलाइन गेल्यावर, शरीराने पाणी ओढून घेतल्यावर ते खाली येतं. दोन तासांनी त्याचं ८.१ झालं. खरं सांगत होतं ते लॅक्टेट: आल्याआल्या ७.२.

त्याला तासाभरात ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड मिळालं. रक्तस्राव रोखायला मदत करणारं साधं, जुनं, स्वस्त औषध. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या क्रॅश-२ या २०,००० हून जास्त जखमींच्या चाचणीत त्याने मृत्यू कमी झाले, ज्यांना लवकर मिळालं त्यांच्यात जास्त, आणि तीन तासांनंतर दिलं तर उलट रक्तस्रावाने होणारे मृत्यू वाढले. पहाटे लॅक्टेट ४.० झालं, संध्याकाळी १.९. मी तेव्हा १९९३ चा एक जुना अभ्यास शोधून वाचला होता: ७६ गंभीर जखमींपैकी ज्या २७ जणांचं लॅक्टेट २४ तासांत जागेवर आलं ते सगळे वाचले, आणि ज्या २२ जणांचं ४८ तासांतही आलं नाही त्यांच्यातले तिघेच. रडले मी ते वाचून, कारण आमचं १.९ अठराव्या तासाला आलं होतं. तुम्ही मात्र हे गणित बाबांना लावू नका. तो अभ्यास जखमींचा होता, तोही छोटा. सेप्सिसमध्ये उतार सावकाश असतो. आणि त्या तिघांचे घरचेही असेच बाहेर बसले असतील. भाऊ आता रबाळ्याला कंपनीत शिफ्ट करतो, थंडीत कंबर धरते.

अजून एक. २०१९ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या पाच देशांत सेप्टिक शॉकच्या ४२४ रुग्णांवर एक तुलना झाली. अर्ध्यांचे उपचार लॅक्टेट बघून ठरवले, अर्ध्यांचे बोट दाबून: बोटाच्या टोकावर काचपट्टी दहा सेकंद दाबायची आणि रंग तीन सेकंदांत परत येतो का पाहायचं. बोटवाल्या गटात २८ दिवसांत ३४.९ टक्के दगावले, लॅक्टेटवाल्यांत ४३.४. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक पक्का ठरला नाही, पण बोट माझ्या मशीनपेक्षा कमी पडलं नाही, एवढं नक्की. म्हणून डॉक्टर आकडा न सांगता "हातपाय गरम आहेत, लघवी होतेय, हाक मारली की बघतात" असं म्हणाले, तर ते काही लपवताहेत असं समजू नका. ते खरंच मोलाचं सांगताहेत.

पैशाबद्दल थोडंच बोलते. रुग्णालय महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत असेल तर तिथे आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आजच भेटा. धर्मादाय ट्रस्टचं असेल तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. समाजसेवा अधीक्षक कुठे बसतात ते विचारा. पण २.९ वर उतरलेल्या लॅक्टेटच्या दिवशी, नातेवाइकाच्या गुगलवरून उपचार थांबवायचा निर्णय घेऊ नका.

एक वही करा. तारीख, वेळ, लॅक्टेट, प्रेशरच्या औषधाचा डोस, लघवी. पाचच रकाने. उद्या सकाळच्या राउंडला ती हातात ठेवा. आज रात्री आठपासून किती लघवी झाली तेवढं सिस्टरना विचारून इथे लिहा. मी रात्रपाळीला आहे, सकाळी आठनंतर पाहीन.