कोकणात समुद्राजवळ राहून बिग बॉयचं मॉडेल इंजिन घ्यावं का? किती वर्षं टिकेल?

तुमचं घर रत्नागिरीत, समुद्र जवळ, एचओ स्केलचं (खऱ्याच्या 87 पट लहान) बिग बॉय, म्हणजे अमेरिकेतल्या त्या अवाढव्य वाफेच्या इंजिनाचं मॉडेल, घ्यायचं मनात आहे, आणि घरचे म्हणतायत की एवढी महाग वस्तू काचेच्या कपाटात ठेव, चालवू नकोस. प्रश्नातलं हे शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहितोय.

चालवणार असाल तर जरूर घ्या. नुसतं काचेत ठेवायचं असेल तर नका घेऊ.

माझं बिग बॉय 1999 सालचं. तेव्हा मी जहाजावर थर्ड इंजिनियर होतो. हॅम्बुर्गला बोट लागली असताना एका दुकानात ते रुळावर फिरताना पाहिलं. पुढची आठ चाकं वळणात शिरली तरी मागची आठ अजून सरळ रुळावरच होती. मी तिथून हललोच नाही. मालवणला घरी आणलं तेव्हा दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, एवढंच म्हणाला, "हात लावू नुको, मोडात." दोन-तीन वर्षं रजेवर आलो की चालवायचो. मग घराचं काम निघालं, दादाने ते मूळ खोक्यात नीट बांधून माळ्यावर ठेवलं, आणि दर रजेला "बांधलेलं आहे ते बरं आहे" हेच ऐकवत राहिला. मीही ऐकलं, हे कबूल करतो. आठ पावसाळे ते तिथेच राहिलं.

2011 मध्ये बोट कायमची सोडली आणि खोकं उघडलं. आतला पिवळा फोम विरघळून चिकट झाला होता, बॉयलरच्या काळ्या रंगात रुतून बसला होता. फणस कापल्यावर विळीला चीक धरतो, तसा. रुळावर ठेवून करंट दिला तर मोटर नुसती गुरगुरली. खोललं तर ग्रीसचा पार डिंक झालेला, अ‍ॅक्सलच्या टोकांना तांबूस गंज. दोन दिवस साफ करून, नवं तेल देऊन पुन्हा ठेवलं तेव्हा चाललं, पण चाकांच्या मागच्या संचातून दर फेऱ्याला टिक, टिक असा आवाज.

मागच्या संचाची चाकं काढून अ‍ॅक्सल भिंगाखाली धरला. अ‍ॅक्सलवर दाबून बसवलेल्या प्लॅस्टिकच्या गिअरला केसाएवढी तडा होती. तडा जिथे, तिथे दोन दातांमधली फट जरा रुंद झालेली, आणि दर फेऱ्याला वर्म, म्हणजे त्या गिअरला फिरवणारा स्क्रूसारखा दांडा, तिथेच अडखळत होता. बाकीचे दात मात्र कोरे करकरीत, झीज अशी नाहीच.

दादा आजही म्हणतो की तू चालवलंस म्हणून मोडलं. चालवून मोडलं असतं तर दात झिजलेले दिसले असते ना? धातूच्या अ‍ॅक्सलवर घट्ट बसवलेलं प्लॅस्टिक कायम ताणाखाली असतं. ते जुनं होतं, आकसतं आणि एक दिवस तडकतं, खोक्यात असो की रुळावर. चालवत राहिलो असतो तर ती टिकटिक पहिल्याच महिन्यात कानावर आली असती, आणि तेव्हा सुटे भाग मिळत होते. 2011 नंतर मला तो गिअर शोधायला दोन वर्षं लागली. शेवटी एका मोडीत काढलेल्या इंजिनातला मिळाला. जहाजावर इमर्जन्सी जनरेटर आम्ही दर आठवड्याला चालवून बघायचो. त्याची गरज क्वचितच पडते, पण चालवल्याशिवाय तो चालतो की नाही हे कळणार कसं?

गिअर बसवताना एक सांभाळा. डाव्या आणि उजव्या चाकाच्या क्रँक पिन (चाकांना जोडणारे साईड रॉड ज्यांवर बसतात त्या खुंट्या) एकमेकींशी 90 अंशांत हव्यात. जरा इकडेतिकडे झालं तर साईड रॉड अडकतात आणि इंजिन लंगडतं. मी पितळेच्या पट्टीत दोन खाचा कापून साचा केला, तरी तिसऱ्या खेपेला जमलं.

आता वळण. खऱ्या बिग बॉयला अमेरिकी रेल्वेच्या मापात 20 अंशांचं वळण चालायचं, म्हणजे त्रिज्या साधारण 88 मीटर. एचओसाठी 87 ने भागा, एक मीटर येतो. बरीच मॉडेलं 45-55 सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणातूनही जातात, कारण खऱ्यात मागचा संच बॉयलरला पक्का असतो आणि फक्त पुढचा वळतो, मॉडेलात बहुधा दोन्ही वळवतात. जातात, पण बॉयलरचं नाक रुळाबाहेर इतकं झुकतं की जीव कळवळतो. शिवाय फलाटाची कड, सिग्नल, बोगद्याचं तोंड सगळं आपटतं. 75 सेंटिमीटर त्रिज्येच्या खाली जाऊ नका. इंजिन टेंडरसकट (मागचा कोळसा-पाण्याचा डबा) 46 सेंटिमीटरच्या आसपास भरतं, हेही जागा मोजताना धरा.

खाऱ्या हवेचं म्हणाल तर कॅमेऱ्याच्या भिंगांना बुरशी येऊ नये म्हणून आपल्याकडे कपाटात छोटा बल्ब लावतात, तेच करा. मी 15 वॉटचा लावतो, जून ते सप्टेंबर दिवसरात्र. मूळ खोक्यातला फोम पहिल्याच दिवशी काढून टाका, सुती कापडात ठेवा. रूळ आणि चाकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तेल प्लॅस्टिकला चालणारंच, थेंबभर. शिलाई मशीनचं नको, खोबरेल तर मुळीच नको. दर रविवारी वीस मिनिटं, पुढे आणि मागे दोन्हीकडे.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. चालवल्याने चाकांचा मुलामा झिजतो, आणि पकडीसाठी चाकांवर रबरी रिंगा असतील तर त्या काही वर्षांनी बदलाव्याच लागतात. नंतर विकायचा विचार असेल तर न चालवलेल्याला भाव जास्त येतो, त्या बाबतीत घरच्यांचं बरोबर आहे. पण विकायचा विचार तुमच्या प्रश्नात कुठे दिसला नाही.

जुनं घेत असाल तर पैसे देण्याआधी रुळावर अगदी हळू चालवून दाखवायला सांगा आणि कान मागच्या संचाजवळ न्या. टिकटिक आली तर गिअर मिळतो का ते आधी बघा, मगच बोला. खोलीची लांबी-रुंदी कळवलीत तर वळणं कशी बसतील ते काढून देतो.