वेगळं काढलेलं ताट: एचआयव्हीबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी अटलांटातल्या माझ्या कामाबद्दल थोडं लिहिलं होतं. मी नर्स आहे, एचआयव्हीच्या क्लिनिकमध्ये, आणि आमच्याकडे येणारे बहुतेक पेशंट ब्लॅक आहेत. त्यावर बरीच पत्रं आली, जवळजवळ सगळी अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांची. कुणाचंच नाव देत नाहीये आणि प्रश्न थोडे आटोपशीर केलेत.

ताई, मी अटलांटातच मास्टर्स करतोय. माझा रूममेट ब्लॅक आहे, चांगली दोस्ती आहे आमची. गेल्या आठवड्यात त्याने स्वतःहून सांगितलं की त्याला एचआयव्ही आहे, औषधं चालू आहेत आणि तो अनडिटेक्टेबल आहे. मी 'काही प्रॉब्लेम नाही रे' म्हटलं पण खरं सांगतो, त्याच रात्री माझं ताट, वाट्या, ग्लास सगळं माझ्या खोलीत नेऊन ठेवलं. आता लाज वाटतेय आणि भीतीपण वाटतेय, बाथरूम एकच आहे. काय करू?

आधी ते ताट स्वयंपाकघरात परत नेऊन ठेव, मग पुढचं वाच. लाज वाटली आणि ते लिहिलंस हे मला आवडलं, त्यामुळे ओरडत नाही.

एचआयव्ही रक्तातून, वीर्यातून, योनीतल्या आणि गुदद्वारातल्या स्रावातून आणि आईच्या दुधातून जातो. थुंकीतून नाही, घामातून नाही, ताटातून, टॉयलेट सीटवरून, डास चावून नाही. एकाच बाथरूममध्ये दहा वर्षं राहिलात तरी नाही. रेझर आणि टूथब्रश आपापला ठेवायचा, पण तो तर कुणाबरोबरही आपापलाच ठेवायचा असतो.

आणि तो अनडिटेक्टेबल आहे म्हणतोय त्याचा अर्थ नीट समजून घे. गोळ्या नियमित घेतल्या की रक्तातला व्हायरस इतका कमी होतो की टेस्टमध्ये दिसतच नाही, आणि मग शरीरसंबंधातूनही तो पुढे जात नाही. कमी जातो असं नाही म्हणत मी, जात नाही. युरोपात पार्टनर नावाचा अभ्यास झाला, त्याचा दुसरा भाग २०१९ मध्ये छापून आला, त्यात ७८२ पुरुष जोडपी होती, एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही, कंडोमशिवाय सुमारे ७६ हजार वेळा संबंध आले आणि जोडीदाराकडून जोडीदाराला झालेली लागण किती, तर शून्य. आता तूच सांग, तुझ्या वाटीला काय होणार आहे?

माझ्याकडे पन्नाशीचे एक गृहस्थ येतात. त्यांच्याकडे दर रविवारी चर्चवरून आल्यावर सगळं कुटुंब आईकडे जेवायला जमतं. त्यांनी घरी सांगितलं त्याच्या पुढच्या रविवारी टेबलावर सगळ्यांना काचेच्या प्लेटा आणि त्यांच्या एकट्यापुढे कागदाची. कुणी एक शब्द बोललं नाही. ते जेवले, उठले आणि त्यानंतर तीन महिने तिकडे फिरकलेच नाहीत आणि त्याच तीन महिन्यांत गोळ्यापण सोडल्या, कशाला घ्यायच्या म्हणाले. व्हायरस परत वर गेला. मग त्यांची धाकटी बहीण त्यांना हाताला धरून क्लिनिकमध्ये घेऊन आली आणि तू विचारलंस ना अगदी तेच तिने मला विचारलं, प्लेट, ग्लास, बाथरूम. पुढच्या रविवारी तिने आईसमोर आपली काचेची प्लेट त्यांच्यापुढे सरकवली आणि कागदाची आपल्याकडे ओढली. त्याच्या पुढच्या रविवारी कागदाची प्लेट टेबलावर आलीच नाही. आता गोळ्या परत चालू आहेत, व्हायरस परत दिसेनासा झालाय. ताट वेगळं काढणं म्हणजे काय हे आपल्या लोकांना तरी कुणी समजावून सांगायला नको.

१९९२ मध्ये बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सन मुलांच्या एका टीव्ही कार्यक्रमात आला होता. त्याने स्वतःचं पॉझिटिव्ह असणं सगळ्या जगाला सांगून तेव्हा जेमतेम काही महिने झाले होते. तिथे हायडिया ब्रॉडबेंट नावाची ७ वर्षांची ब्लॅक मुलगी होती, जन्मापासून एचआयव्ही असलेली, आणि ती रडत रडत एवढंच म्हणाली की आम्ही साधी माणसंच आहोत हे लोकांना कळू दे. इतकी वर्षं झाली त्याला.

अजून एक, त्याने तुला विश्वासाने सांगितलंय. ते दुसऱ्या कुणालाही सांगू नकोस, आपल्या ग्रुपमधल्या कुणालाही नाही.

मी न्यू जर्सीत मुलाकडे असतो. वाचलं की अमेरिकेत ब्लॅक लोकसंख्या १२ टक्क्यांच्या आसपास पण एचआयव्हीच्या नव्या लागणीत त्यांचा वाटा एक तृतीयांशाहून जास्त. राग मानू नका, पण मग त्यांच्या वागण्यातच काहीतरी असणार ना?

काका, राग नाही मानत, कारण हा प्रश्न मनात अनेकांच्या असतो आणि विचारत कुणी नाही. आकडा बरोबर आहे तुमचा, निष्कर्ष चुकलाय.

ग्रेगरी मिलेट म्हणून संशोधक आहेत, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं, २००६ मध्ये आणि परत २०१२ मध्ये, कितीतरी अभ्यास एकत्र करून. ब्लॅक समलिंगी पुरुष आणि बाकीचे समलिंगी पुरुष यांच्या वागण्यात फरक काय? तर ब्लॅक पुरुष जास्त बेफिकीर वागतात असं काही निघालंच नाही. कंडोम तेवढाच, जोडीदार जास्त नाहीत, ड्रग्ज तर उलट कमी. मग लागण जास्त का?

असं बघा. दोन तरुण आहेत, अगदी सारखं वागणारे. एक ज्या लोकांमध्ये वावरतो तिथे शंभरात दोघांना व्हायरस आहे आणि त्या दोघांनाही औषध मिळतंय, म्हणजे त्यांच्याकडून पुढे जायचा प्रश्नच नाही. दुसरा ज्यांच्यात वावरतो तिथे शंभरात वीस जणांना आहे आणि त्यातल्या बऱ्याच जणांना माहीतच नाही किंवा माहीत आहे पण औषध हाताला लागलेलं नाही (आकडे माझे, नुसते समजायला घेतलेत). चूक दोघांनी सारखीच केली, एकदाच केली, पण दुसऱ्याची एकच चूक त्याला भोवते. यात वागणं कुठे आलं?

आणि औषध हाताला का लागत नाही तर त्याची कारणं डोळ्यांसमोर आहेत. अमेरिकेतल्या नव्या केसेसपैकी जवळजवळ निम्म्या दक्षिणेतल्या राज्यांत होतात. टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी यांनी मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) पूर्ण वाढवलेलंच नाही, म्हणजे कमी पगारावर काम करणारा, मुलंबाळं नसलेला तरुण माणूस बहुतेक वेळा विम्याशिवाय राहतो. विमा नाही म्हणून डॉक्टर नाही, डॉक्टर नाही म्हणून टेस्ट नाही. निदान झाल्यावर रायन व्हाइट नावाची सरकारी योजना आहे, १९९० पासून, ती औषधांना मदत करते आणि माझे अर्धे पेशंट तिच्यावरच आहेत, पण ती निदान झाल्यावर. त्याच्या आधीचं काय?

२०१६ मध्ये सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, हिशोब मांडला होता की तेव्हाच्या वेगाने लागण चालू राहिली तर ब्लॅक समलिंगी आणि बायसेक्शुअल पुरुषांपैकी दर दोघांतल्या एकाला आयुष्यात कधीतरी एचआयव्ही होईल. मी तो आकडा वाचला त्या दिवशी वेटिंग रूममध्ये वीस-बावीस वर्षांचे चौघं बसले होते आणि मला त्यांच्याकडे बघवेना. आणि बायकांना विसरू नका, अमेरिकेत नव्याने लागण होणाऱ्या स्त्रियांमध्ये साधारण निम्म्या ब्लॅक आहेत, त्यातल्या बहुतेकींना ती पुरुष जोडीदाराकडून होते आणि त्यांचा विचार कुणाच्या मनात येतच नाही, त्यांच्या डॉक्टरच्याही नाही.

मी ह्यूस्टनला असते. माझा बॉयफ्रेंड ब्लॅक आहे. आईला सांगितलं तर तिचं पहिलं वाक्य, 'त्याची एचआयव्ही टेस्ट करून घे'. खूप भांडलो. पण टेस्ट करायला हवी का खरंच?

हो, दोघांनी. त्याच्या रंगामुळे नाही, तर १३ ते ६४ वयाच्या प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी करावी असं सीडीसी २००६ पासून सांगतेय म्हणून. आईलाही सांग हे, आणि विचार की तिने कधी केली का. दोघं एकत्र जा, एकाच दिवशी, एकट्याला पाठवू नकोस त्याला. संबंध आल्यावर लगेच केलेली टेस्ट खरी नसते, लॅबमधल्या नेहमीच्या टेस्टला दीड महिना द्यावा लागतो, घरी करायच्या थुंकीच्या टेस्टला तीन महिने.

प्रेप माहीत आहे का? लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायचं औषध. पहिली गोळी २०१२ मध्ये आली, आता दोन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन आहे आणि जून २०२५ मध्ये वर्षातून दोनदाच घ्यायचंही मंजूर झालं. नीट घेतलं तर शरीरसंबंधातून होणारी लागण सुमारे ९९ टक्के टळते. बायकांनाही चालतं, फक्त गोळ्यांमधली एक अशी आहे जी योनीमार्गे होणाऱ्या संबंधांसाठी मंजूर नाही, म्हणून डॉक्टरला स्पष्ट विचार कुठली देताय ते. प्रायव्हेट इन्शुरन्सला बहुतेक ठिकाणी प्रेप फुकट द्यावं लागतं, काउंटरवर पैसे मागितले तर वाद घाल. आणि कधी कंडोम फाटला, भीती वाटली, तर ७२ तासांच्या आत इमर्जन्सीत जाऊन पेप माग, म्हणजे लागण होऊ नये म्हणून नंतर घ्यायचं औषध, २८ दिवसांचा कोर्स असतो, जितक्या लवकर तितकं बरं.

मी अलाबामात फार्मसीत काम करते. आमच्याकडे बरेच ज्येष्ठ ब्लॅक कस्टमर आहेत. प्रेपचं किंवा कुठल्याही नव्या इंजेक्शनचं नाव काढलं की 'टस्कीगी' म्हणतात आणि विषय संपतो. इतकी जुनी गोष्ट, कसं समजवायचं?

जुनी गोष्ट आहे असं त्यांना चुकूनही म्हणू नकोस, प्लीज. तू ज्या राज्यात उभी आहेस तिथेच घडलीये ती, मेकन काउंटीतल्या टस्कीगीत. १९३२ मध्ये सरकारी आरोग्य खात्याने साधारण ६०० ब्लॅक पुरुष घेतले, त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता, 'बॅड ब्लड'वर उपचार करतोय असं सांगितलं आणि प्रत्यक्षात नुसतं बघत बसले. १९४० च्या दशकात पेनिसिलिन आलं, बाकी सगळ्यांना मिळालं, यांना दिलं नाही. हे बंद कधी झालं तर १९७२ मध्ये, तेही पीटर बक्स्टन या माणसाने पेपरवाल्यांना सांगितलं म्हणून. माफी मागायला १९९७ उजाडलं. तुझ्यासमोर काठी टेकून उभ्या असलेल्या आजोबांचे काका असतील त्यात.

बरेच लोक म्हणतात त्यांना सिफिलिस टोचला होता, तसं नाही, पण त्यावर वाद घालत बसू नकोस. औषध असून दिलं नाही, हेच खरं झालेलं आहे आणि तेच पुरेसं भयंकर आहे. माझ्या अनुभवात मी आधी 'हो, झालं होतं ते' म्हणते आणि गप्प बसते. मग कधीकधी समोरचा माणूस स्वतःच बोलतो. आणि मग मी एवढंच म्हणते की तेव्हा औषध दडवून ठेवलं होतं, आज औषध आहे आणि ते तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून मी इथे उभी आहे.

पण एक काम तुझ्याच हातात आहे. काउंटरवरून औषधाचं नाव मोठ्याने घेऊ नकोस. माझी एक पेशंट दर महिन्याला बाटली घेतली की पार्किंगमध्ये गाडीत बसून नखाने लेबल खरवडते, एकही अक्षर राहता कामा नये, आणि गोळ्या व्हिटॅमिनच्या डब्यात ओतते. आमच्या बऱ्याच जणी करतात. तिला वर्षातून दोनदाच्या इंजेक्शनचं महत्त्व कुणी समजवायची गरज नसते बघ, घरात डबाच नाही म्हणजे लपवायला काही नाही. (हिला आधीच एचआयव्ही आहे, तिला प्रेप नाही चालणार, पण उपचारासाठीही दोन महिन्यांचं इंजेक्शन आहे, ते सुरू करायचं तिचं चाललंय सध्या.)

आणि सगळं तूच सांगायला हवं असंही नाही. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये पर्नेसा सील म्हणून इम्युनॉलॉजिस्ट होत्या, हॉस्पिटलमध्ये एड्सचे ब्लॅक पेशंट एकटे मरताना बघून त्या चर्चमध्ये गेल्या, मशिदींमध्ये गेल्या आणि सगळ्यांना एका आठवड्याच्या प्रार्थनेला उभं केलं. ज्या चर्चमधून लोकांना शाप मिळत होते तिथूनच मग टेस्टची पत्रकं वाटली जायला लागली. तुझ्या भागातल्या पाद्रींना, न्हाव्यांना, ब्यूटी पार्लरवाल्या बायकांना माहिती दे. खुर्चीत बसलेला माणूस तासभर ऐकतो, आपल्याला काउंटरवर दोन मिनिटं मिळतात.

७ फेब्रुवारीला नॅशनल ब्लॅक एचआयव्ही/एड्स अवेअरनेस डे असतो ना, आमच्या मंडळाला काही करायचं आहे. स्टॉल लावू का?

स्टॉल नका लावू. जवळच्या, ब्लॅक लोकांनीच चालवलेल्या संस्थेला फोन करा आणि विचारा काय हवंय. आमच्याकडे विचाराल तर गाडी हवी आहे. जॉर्जियाच्या खेड्यांतून क्लिनिकला यायला बसच नाही, लोक अपॉइंटमेंट चुकवतात, गोळ्या संपतात. मंडळातले चार जण आठवड्यातून एक सकाळ द्यायला तयार असतील तर मला लिहा. गाडीत काही बोलायची गरज नाही, त्यांना आवडेल ते गाणं लावा.