समांतरभुज चौकोनाला सममितीचा अक्ष नाही, तरी तो फिरवल्यावर सममित कसा?

तुम्ही विचारलंय की समांतरभुज चौकोन कसाही दुमडला तरी दोन भाग एकमेकांवर बसत नाहीत, मग सर त्याला 'रोटेशनल सिमेट्री' आहे असं का म्हणतात. घोळ दुमडण्याच्या सवयीनं झालाय. शाळेत सममितीची ओळखच कागदाच्या घडीनं होते, म्हणून घडी जमली नाही की आपण सममिती नाही असं ठरवून मोकळे होतो. इथे मात्र दुमडायचं नाही, फिरवायचं आहे.

भाचीला मी हे असं दाखवलं होतं. वहीत समांतरभुज चौकोन काढा, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून तसाच गिरवून घ्या. दोन्ही कर्ण जिथे छेदतात तिथे टाचणी टोचा. वरच्या कागदावर एका कोपऱ्यात लाल टिंब द्या, नाहीतर किती फिरवलं ते कळत नाही. आता हळूहळू फिरवा. पाव फेरीला आकृती भलतीकडेच जाते. अर्ध्या फेरीला, म्हणजे 180 अंशांवर, रेघेवर रेघ बसते आणि टिंब समोरच्या कोपऱ्यात गेलेलं असतं. पूर्ण फेरीत असं दोनदा जुळतं, म्हणून ऑर्डर 2. एकदाच जुळलं तर ते धरत नाहीत. 360 अंश फिरवल्यावर चप्पलसुद्धा जागेवर येते.

सुसम आकृतीत, म्हणजे सगळ्या बाजू आणि सगळे कोन सारखे असतील तिथे, जितक्या बाजू तितकी ऑर्डर. सुसम पंचकोन दर 72 अंशांनी जुळतो. फसवतो तो समभुज चौकोन: चारही बाजू सारख्या म्हणून भाचीनं ठोकून 4 सांगितलं. कोन सारखे नसतात ना! तो चौरस नसेल तर ऑर्डर 2 च.

जत्रेतलं चार पात्यांचं कागदी भिरभिरंही तुमच्या चौकोनाच्याच जातीचं. पाव पाव फेरीला जुळतं, पण पाती सगळी एकाच दिशेला वळलेली, त्यामुळे मधून आरसा धरला की दिशा उलटी दिसते. स्वस्तिकाचंही तसंच.

घरात पत्त्यांचा नेहमीचा जोड असेल तर चौकटचे एक्का ते दश्शी काढून एकेक पत्ता अर्धी फेरी फिरवा. सगळे होते तसेच दिसतील, फक्त सत्ती नाही. तिच्यात दोन्ही बाजूंना तीन-तीन चौकटी आणि सातवी एकटी मधल्या रांगेत वरच्या अर्ध्यात. फिरवली की ती खाली जाते. मग बदामाचे पत्ते घ्या. तिथे एक्का, तिर्री, पंजीसुद्धा बाद होतात, कारण मधल्या बदामाचं टोक फिरवल्यावर वर येतं. छक्की का बाद होते ते तुम्हीच शोधा, सापडलं की खाली लिहा.