शेवटचा तास आधी लिहा

सणाची सुट्टी जवळ आली की माझ्या टपालाचा रंगच बदलतो. एरवी डाग, मुंग्या, करपलेली भांडी. आता सगळी पत्रं घरच्या मोठ्या जेवणाची. मी सव्वीस वर्षं एका वसतिगृहाचं स्वयंपाकघर सांभाळलं, दोन्ही वेळेला दीडशे ताटं. त्यामुळे लोकांना वाटतं, घरच्या बारा माणसांचं हिला काय! खरं सांगू? दीडशे मुलींनी मला कधी रडवलं नाही. घरच्या चौदा जणांनी रडवलंय.

ताई, लग्नानंतर पहिल्यांदाच सणाचं जेवण आमच्याकडे आहे. बारा माणसं, रात्री साडेआठची वेळ. तीन बर्नरची शेगडी, एक फ्रिज. आदल्या दिवशीपर्यंत मला ऑफिस आहे. नऊ पदार्थांची यादी सोबत जोडते. सगळे बाहेर गप्पा मारत बसतील आणि मी आत घामाघूम, असं चित्र आत्ताच डोळ्यांसमोर येतंय. काय करू?

तुझी यादी वाचली. छान आहे, पण ती कागदावरच शिजेल. कारण सांगते.

साडेसात ते साडेआठ हा तास घे. तीन बर्नर, प्रत्येकी साठ मिनिटं, म्हणजे तुझ्याकडे 180 मिनिटांची शेगडी आहे. आता तुझ्या यादीतले त्याच तासात शेगडी मागणारे पदार्थ बघ. पहिलं तळण 40 मिनिटं, दुसरं तळण 40, भात 30, कोरडी भाजी 25, रस्सा गरम करायला 20 आणि गोडासाठी दूध आटवायला 60. बेरीज 215. म्हणजे तू कितीही भराभर हात चालवलेस तरी हे बसत नाही. यात तुझ्या हाताचा दोष नाही, गणितच चुकलंय. आणि शेगडी तीन ठिकाणी पेटली तरी माणूस एकच आहे. तळणापाशी उभं राहावं लागतं, तिथून हलता येत नाही.

दूध आदल्या रात्री आटवून टाक आणि एक तळण रद्द कर. राहिली 115 मिनिटं. आता श्वास घ्यायला जागा झाली. कोणतं तळण रद्द करायचं ते तूच ठरव, फक्त सासूबाईंच्या आवडीचं रद्द करू नकोस. पहिलंच वर्ष आहे.

मग कागद घे आणि उलटं लिही. सगळ्यात वर 8:30, बसायचं. 8:25, पाणी भरून ठेवलेलं. 7:45 ते 8:25 तळण. 8:00, भाताची शेगडी बंद. झाकण न उघडता भात तसाच मुरू द्यायचा. जाड बुडाच्या भांड्यात, घट्ट झाकणाखाली आणि वरून जाड टॉवेल गुंडाळला तर तो अर्धा तास आरामात गरम राहतो. भाताची हीच गंमत आहे, तो वाट बघतो. तळण वाट बघत नाही. 7:30 ला भात चढवायचा. 7:00 ते 7:30 या वेळेत काहीही लिहायचं नाही. हो, कोरी जागा. कुणीतरी लवकर येणार, कुणाला चहा लागणार, कुणाचं तरी पोर काहीतरी सांडणार. त्यासाठी ती वेळ आहे. सातच्या आधी तू स्वतः तोंड धुऊन कपडे बदललेले असायला हवेत. तेही वेळेसकट लिही, नाहीतर राहून जातं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी चिराचिरी. बटाटे चिरून पाण्यात बुडवून ठेव; हवा लागली की ते काळे पडतात. सॅलड चिरून झाकून ठेव, मीठ मात्र वाढताना घाल. मीठ आधी घातलं की भाज्यांना पाणी सुटतं आणि साडेआठला ते तळ्यात पोहत असतं. वाढायची भांडी ओट्यावर मांड आणि प्रत्येकात चिठ्ठी टाक: यात रस्सा, यात भात. हसू येईल, पण ऐन वेळी "अगं, कशात काढू?" हा प्रश्न निदान पाच जण विचारतात आणि प्रत्येक वेळी तुला मान वळवावी लागते.

आता माझी गोष्ट. चौदा माणसांचं माझं पहिलं जेवण. शहाणपणा करून मी सगळं संध्याकाळी सहालाच शिजवून ठेवलं आणि मिरवत बाहेर येऊन बसले. साडेआठला आत गेले तर सगळं गार. पाच मोठी पातेली, दोन बर्नर. मोठं पातेलं मंद आचेवर गरम व्हायला किती वेळ घेतं ते त्या रात्री कळलं. घाई केली तर रस्सा तळाला लागला. आम्ही पावणेदहाला बसलो. पण खरा घोटाळा वेगळाच होता. मामंजींना मधुमेह. त्यांनी नेहमीप्रमाणे आठ वाजता औषध घेतलं होतं, कारण मीच सांगितलं होतं साडेआठ म्हणून. सव्वानऊला नणंदेच्या लक्षात आलं की ते घामाने भिजलेत आणि हात थरथरतोय. तिने चार छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी त्यांना बरं वाटायला लागलं. मी स्वयंपाकघराच्या दारात नुसती उभी होते, हातात डाव.

म्हणून पाहुण्यांच्या यादीत एक प्रश्न आधीच विचारून घे: जेवणाच्या वेळेशी बांधलेलं औषध कुणाला आहे का? असेल तर त्यांना घड्याळातली वेळ सांगू नकोस. "ताटं घेतेय" असं सांगायला जा. आणि उशीर होईलसं वाटलं तर त्यांचं ताट आधी कर. यात मानापमान नसतो.

दोन दिवस आधी काय काय करून ठेवता येईल? आमच्या घरी म्हणतात, "शिजवलेलं आहे, त्याला काय होतंय, ओट्यावर झाकून ठेव." मला भीती वाटते.

तुमची भीती बरोबर आहे. 5 ते 60 अंश सेल्सिअस या मधल्या तापमानात जंतू भराभर वाढतात. म्हणून शिजवलेलं अन्न एकतर वाफाळतं गरम हवं, नाहीतर फ्रिजमध्ये. मधे ओट्यावर जास्तीत जास्त दोन तास. उन्हाळ्यात पारा 32 च्या वर असेल तर एकच.

पण फ्रिजमध्ये ठेवलं म्हणजे झालं, असंही नाही. भरलेलं मोठं पातेलं तसंच आत ढकललं तर कडेने गार होतं आणि पोटात तासन् तास कोमट राहतं. वसतिगृहात हे मी थर्मामीटर घालून पाहिलंय, रात्री ठेवलेला रस्सा पहाटे मधोमध कोमट होता. सगळा टाकला. दीडशे ताटांचा रस्सा टाकताना काय वाटतं ते विचारू नका. तेव्हापासून नियम केला: पसरट भांड्यांत दोन-तीन बोटं उंचीइतकंच ओतायचं, वाफ जाऊ द्यायची आणि मग आत. पसरट भांड्यांना फ्रिजमध्ये जागा लागते, म्हणून आदल्या आठवड्यात फ्रिज रिकामा करायचा. त्या तळाशी पडलेल्या, उरल्यासुरल्या सॉसच्या बाटल्या तेव्हाच निघतात.

भाताची गोष्ट वेगळी. त्यातल्या एका जंतूची बीजं उकळीलाही पुरून उरतात. भात बाहेर कोमट राहिला की ती रुजतात आणि त्यांनी केलेलं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून भात त्याच दिवशी करायचा. उरलेला लगेच पसरून गार करून फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा.

रस्सा, वाटण, आटवलेलं दूध, उकडलेली कडधान्यं हे एक-दोन दिवस आधी करून फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही. रस्सा तर दुसऱ्या दिवशी मुरून जास्त चांगला लागतो. गरम करताना मात्र नुसता कोमट नको, ढवळत ढवळत मधोमध बुडबुडे येईपर्यंत. फ्रीझरमधलं चिकन वगैरे असेल तर ते ओट्यावर ठेवून सोडवू नका, आदल्या दिवशी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, खोलगट भांड्यात ठेवा. दोन-सव्वादोन किलोच्या गोळ्याला पुरते चोवीस तास लागतात.

चार माणसांच्या कृतीला तीनने गुणलं की बाराचं होतं ना? मागच्या वेळी भाताची पेज झाली आणि भाजी खारट.

होत नाही, तुम्ही अनुभव घेतलाच आहे. तांदूळ स्वतःत शोषून घेतो ते पाणी तिप्पट लागतं, पण वाफ होऊन उडणारं पाणी तिप्पट होत नाही. ते भांड्याच्या तोंडाच्या रुंदीवर ठरतं. म्हणून मोठ्या प्रमाणात भाताचं पाणी हिशोबापेक्षा थोडं कमीच घ्या. मीठ-तिखट तीनपटीच्या पाऊण मापाने सुरू करा आणि चाखून वाढवा. कांदा परतायचा तर दोन घाण्यांत. एकाच कढईत कोंबला की त्याला पाणी सुटतं आणि तो तांबूस होण्याऐवजी उकडतो.

किती करायचं म्हणाल तर इतर पदार्थ भरपूर असताना माणशी 60 ते 75 ग्रॅम कच्चा तांदूळ पुरतो, बाराला पाऊण ते एक किलोच्या मध्ये. आणि लक्षात ठेवा, पदार्थ वाढले की प्रत्येकाचं माप घटतं. माणसाचं पोट तेवढंच असतं. नऊ पदार्थ आणि प्रत्येक पोटभर, हा हिशोब आपण सगळ्याच करतो आणि मग पुढचे चार दिवस तेच खातो.

जाऊबाई फोन करून विचारतात, "काय आणू?" मी म्हणते, "काही नको गं, तूच ये." मग त्या खरंच हात हलवत येतात आणि मला राग येतो.

राग कुणाचा? तुम्हीच म्हणालात काही नको! पुढच्या वेळी फोन आला की नाव घेऊन मागा. "गोड तुझ्याकडे, बारा जणांचं, गार खायचं, आणि वाढायच्या डावासकट आण." शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. आल्यावर गरम करावं लागेल असं काही मागू नका, तुमची शेगडी तेव्हा मोकळी नसणार.

माझ्या मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. दरवर्षी कुणीतरी म्हणतं, "एवढ्याशाने काय होतंय?" वाईटपणा न घेता कसं सांगू?

वाईटपणा घ्या. एवढ्याशाने होतं. तोच डाव, तीच कढई, त्याच तळणाचं तेल, एवढंही पुरतं. आठवडाभर आधी यजमानांना स्वतः फोन करा. आडून निरोप नको, तो वाटेत पातळ होतो. सांगा की मुलीचं वेगळ्या स्वच्छ भांड्यात, सगळ्यात आधी करा आणि तिला आधी वाढा. किंवा तिचा डबा तुम्हीच न्या. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलेलं असेल तर ते गाडीत नको, तुमच्या खांद्यावरच्या पिशवीत हवं, आणि घरातल्या आणखी एका माणसाला ते कुठे आहे हे माहीत हवं. ओठ सुजले, श्वास लागला तर इंजेक्शन देऊन थेट दवाखाना. जेवण संपायची वाट बघायची नाही.

यजमानांसाठीही दोन गोष्टी: एक वर्षाच्या आतल्या बाळाला कौतुकाने मध चाटवू नका, आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात.

मी पुरुष आहे. मदत करायची मनापासून इच्छा असते, पण आत गेलो की "तुम्ही मधे मधे येऊ नका" म्हणून हाकलतात.

तुम्ही साडेसातनंतर आत जात असाल! तेव्हा मीही हाकलेन. त्या तासात नवीन माणसाला काम समजावून सांगायला कुणाला सवड नसते. "काय मदत करू?" हा प्रश्नसुद्धा तेव्हा एक कामच असतं.

तुमचं काम आठवडाभर आधी सुरू होतं. फ्रिज रिकामा करणं, सिलिंडर बघणं, खुर्च्या मोजणं, सामानाची यादी घेऊन जाणं आणि यादीतलं एखादं मिळालं नाही तर तिथूनच फोन करणं, घरी येऊन सांगणं नव्हे. त्या दिवशी संध्याकाळी सहाला सिंक तुमच्या ताब्यात घ्या. स्वयंपाक चालू असताना रिकामं झालेलं प्रत्येक भांडं लगेच घासून, पुसून परत ओट्यावर. सिंक रिकामं असलं की स्वयंपाकघर दुप्पट मोठं होतं. आणि झाकणं कुठल्या कप्प्यात असतात ते आदल्या दिवशीच बघून ठेवा. कुठलं झाकण कुठल्या पातेल्याचं, तेसुद्धा.